वजनकाट्यावर आपलेही ताट



दीड महिन्यापूर्वी पंचवटीतून एका वाचक भगिनीचे पत्र आले. पत्र कसले, चार पानी गाऱ्हाणेच ते! यजमानांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि आहाराचा एक छापील तक्ता हातात ठेवला. तक्त्यात सगळे ग्रॅममध्ये. तांदूळ इतके, डाळ इतकी, तेल इतके. मुलगा हौशी, त्याने दोन दिवसांत बॅटरीवर चालणारा वजनकाटा आणून ओट्यावर मांडला आणि घरात महाभारत सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, "जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजू नयेत असं आम्हाला शिकवलंय. तुम्ही तर आता घास तोलायला लागलात!" यजमान म्हणाले, "मी काय बाजार समितीतलं पोतं आहे?" आणि पत्राचा शेवट असा: "ताई, हा काटा माळ्यावर टाकू की वापरू? वापरायचा तर नेमका कसा, ते कोणीच सांगत नाही."

आधी सासूबाईंचे बघू, कारण त्यांचे समाधान झाल्याशिवाय काटा ओट्यावर टिकायचा नाही.

जुन्या स्वयंपाकघरात मोजल्याशिवाय काही शिजतच नव्हते. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली ही नावे त्यांना तोंडपाठ असतील. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. तांदळाच्या डब्यात मापटे पडलेलेच असे. पानावर माणसे किती, त्यावर धान्य किती काढायचे, हे सुनेला पहिल्या आठवड्यात शिकवले जाई. आपल्या नाशिकच्या भांडी बाजारातून आणलेली तांब्यापितळेची भांडी तर किमतीलाही वजनावरच ठरायची. पुढे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून किलो-ग्रॅम बाजारात आले आणि १ एप्रिल १९६२ पासून जुनी मापे व्यवहारातून बाद झाली. ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे आजचे ९३३ ग्रॅम, दुकानातून गेला. आज्यांच्या तोंडातून जायला मात्र बराच काळ लागला. तेव्हा मोजणे हे काही परक्या देशातून आलेले खूळ नाही. तुमच्या सासूबाईंनी जन्मभर मोजले आहे, फक्त मापाने मोजले, तोलून नाही.

त्यांची दुसरी गोष्ट मात्र अगदी खरी. जेवणाऱ्यासमोर मोजू नये. काटा ओट्यावरच राहू द्या, पानाजवळ आणू नका. वाढण्याआधी काय ते तोलून घ्यावे, कागदावर टिपावे आणि मग सगळ्यांसारखे हसतखेळत वाढावे. समोर बसून "अहो, तुमचे तीस ग्रॅम झाले" असे म्हटले, की भल्या माणसाचाही घास अडतो.

आता मापाने भागत असताना तोलायचे कशाला? करून बघा. माझी रोजची वाटी साधारण १५० मिलिलिटरची. तिच्यात तांदूळ भरले तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बसतात, साखरही तेवढीच. तीच वाटी कणकेने भरली तर ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम, आणि जाड पोह्यांनी भरली तर जेमतेम पन्नास. म्हणजे "एक वाटी" हा शब्द प्रत्येक डब्यापाशी वेगळे बोलतो. शिवाय तुमची वाटी आणि माझी वाटी सारखी असेल कशावरून? तेलाच्या पळीचे तर विचारूच नका. मी वर्षानुवर्षे समजत होते की माझी फोडणीची पळी म्हणजे मोठा एक चमचा, चौदा-एक ग्रॅम. तोलली तेव्हा बावीस निघाले. दोन भाज्या, एक आमटी, रोज तीन पळ्या. हिशेब तुम्हीच करा.

काटा नवा असो की जुना, आधी त्याची परीक्षा घ्यावी. एक किलो मिठाची न फोडलेली पिशवी वर ठेवा. पिशवीचे चार-दोन ग्रॅम धरून आकडा हजाराच्या जरासा पुढे गेला की काटा ठीक. सपाट ओट्यावर ठेवावा, खाली फडके नको. बॅटरी उतरली की हे काटे वाटेल ते सांगतात, तेव्हा आकडा नाचायला लागला तर काट्यावर विश्वास ठेवू नका. रिकामे भांडे ठेवून शून्याचे बटण दाबले की भांड्याचे वजन वजा होते, ही सोय मात्र फार चांगली. जुन्या तराजूत त्यासाठी दुसऱ्या पारड्यात धडा करावा लागे.

एवढे झाले की पहिली अडचण येते आणि बहुतेक जणी तिथेच काटा माळ्यावर टाकतात. कच्चे तोलायचे की शिजलेले?

पुस्तकांतले आणि तक्त्यांतले आकडे बहुधा कच्च्या धान्याचे असतात. आपण खातो शिजलेले. शंभर ग्रॅम तांदळाचा भात पावणेतीनशे ग्रॅम होतो, मोकळा की आसट त्यावर थोडा कमीजास्त. ही वाढ पाण्याची. तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "तांदूळ ६० ग्रॅम" लिहिले असेल तर ते कच्चे की भात, हे आधी विचारून घ्या. विचारायला लाजू नका. साठ ग्रॅम भात म्हणजे चार घास आणि साठ ग्रॅम तांदळाचा भात म्हणजे भरलेली मोठी वाटी. एवढा फरक पडला तर साखर, गोळी आणि भूक तिन्हींचा मेळ बिघडायचा. गोळ्या चालू असताना जेवण आपल्या मनाने एकदम कमी करणे तर मुळीच बरे नाही.

शिजलेल्या पदार्थाचा हिशेब असा करतात. समजा, चार माणसांच्या वरणाला तुरीची डाळ घेतली १२० ग्रॅम. ज्या पातेल्यात वरण करता त्याचे रिकामे वजन एकदाच तोलून वहीत लिहून ठेवा. (मी पातेल्यांच्या बुडाला नखांच्या रंगाने आकडे लिहिले. सुनेला हसू आले, पण आता तीही तेच बघते.) घोटून, फोडणी देऊन झालेले वरण पातेल्यासकट तोला, पातेले वजा करा. समजा ७८० ग्रॅम भरले. आता १५० ग्रॅमच्या वाटीत डाळ किती? १५० ला १२० ने गुणून ७८० ने भागा. उत्तर येते २३ ग्रॅम. तुरीच्या डाळीत शंभरात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने, म्हणून त्या वाटीत पाच ग्रॅम. झाले! चौथीतल्या त्रैराशिकापलीकडे यात काही नाही.

भाकरीला तर तेवढेही नको. पिठाचा गोळा करण्याआधी एका भाकरीचे पीठ तोला. पालेभाजी मात्र निवडल्यावर तोलावी. मेथीची जुडी बाजारातून आणली तेव्हा जे वजन असते त्यातले बरेचसे काड्या आणि मुळांबरोबर केरात जाते. तक्त्यांतले आकडे खाण्याजोग्या भागाचे असतात, जुडीचे नव्हे.

हे आकडे येतात कुठून, असे एकीने मागे विचारले होते. निलगिरीतल्या कुन्नूरला पोषणाची एक प्रयोगशाळा होती. तिथून १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पहिली पुस्तिका निघाली. १९५८ मध्ये ती प्रयोगशाळा हैदराबादला गेली आणि तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे पुस्तक आहारशास्त्र शिकणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्या मुलींनी वापरले. २०१७ मध्ये त्या संस्थेने देशभरातून नमुने गोळा करून ५२८ पदार्थांचे नवे तक्ते छापले. या कामात आपल्या एका मराठी बाईचाही हात आहे. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंची बहीण. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत १९३३ साली मुलगी म्हणून त्यांना आधी प्रवेशच नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. तिथे त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केले, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, पुढे कुन्नूरलाही काम केले. आणि निवृत्त झाल्यावर घरात बसल्या का? ग्राहकांच्या संघटनेत जाऊन १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या. वरणाच्या वाटीतली प्रथिने मोजताना मला त्यांची आठवण येते.

असो. पंचवटीच्या भगिनीला मी उत्तर पाठवले, त्यात वरचे सगळे लिहिले आणि शेवटी एक पुरवणी जोडली. यजमानांचे ताट तोलताच आहात, तर तीन दिवस घरातल्या चौघांचीही तोला. यजमान, मुलगा, सासूबाई आणि तुम्ही. स्वतःला गाळू नका.

तिचे दुसरे पत्र तीन आठवड्यांनी आले आणि ते मी पुन्हा पुन्हा वाचले.

पहिल्या पत्रात तिने लिहिले होते, "आमच्याकडे डाळ सगळ्यांना सारखीच असते, मी भेदभाव करत नाही." खोटे नव्हते ते. तिला तसेच वाटत होते. दुसऱ्या पत्रात एका दुपारचा हिशेब होता. वरण ७८० ग्रॅम, डाळ १२० ग्रॅम (वरचे उदाहरण मी तिच्याच वहीतून घेतले आहे). यजमान, मुलगा आणि सासूबाई आधी बसले. तिघांना मोठ्या वाटीने १८० ग्रॅम वरण. उरले २४० ग्रॅम. त्यात रात्रीचेही भागवायचे, म्हणून तिने भांडेभर पाणी घातले, दीडशे ग्रॅम, एक उकळी आणली आणि मग स्वतःला १५० ग्रॅमची वाटी घेतली. काट्यावर दोन्ही वाट्यांत तीसच ग्रॅमांचा फरक. पण डाळीचा हिशेब मांडला तेव्हा यजमानांच्या वाटीत डाळ होती २८ ग्रॅम आणि तिच्या वाटीत १४.

"ताई, काटासुद्धा फसला," असे तिने लिहिले आहे. काटा नाही फसला. काट्याला पाणी आणि डाळ यांतला फरक कळत नाही, तो वहीला कळतो. म्हणून पाणी घातले की तेही टिपून ठेवायचे.

तिचा दिवसभराचा हिशेब थोडक्यात असा. दुपारी दोन पोळ्या, कणीक ५५ ग्रॅम. रात्री बाजरीची एक भाकरी, पीठ ७० ग्रॅम. दोन्ही वेळचा भात मिळून तांदूळ ६०. दोन्ही वेळची डाळ मिळून २२ ग्रॅम. भाजी शंभर ग्रॅम, म्हणजे कढईत उरलेली. दूध चहातलेच, ८० मिलिलिटर. दोनदा चहाबरोबर टोस्ट आणि भाजीत पडलेले दहा ग्रॅम दाण्याचे कूट. बेरीज केली तर प्रथिने तेहेतीस-चौतीस ग्रॅम. पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. तिचे वजन ५८ किलो, म्हणजे तिला ४८ हवीत. लोह तर विचारूच नका. त्या वयाच्या बाईसाठी शिफारस आहे रोज २९ मिलिग्रॅमची. तिच्या ताटात दहाच्या आसपास भरले, आणि त्यातलेही जवळजवळ निम्मे त्या एका बाजरीच्या भाकरीतले.

ही बाई उपाशी आहे का? मुळीच नाही. पोट भरलेले आहे. घरात खाण्याची ददात नाही, मुलाला बदाम आहेत, यजमानांना ताक आहे. दुपारी चारला डोळे मिटतात, जिना चढताना धाप लागते, ते "वय झालं" म्हणून सोडून दिले होते. वय एकेचाळीस!

मोठमोठ्या पाहण्यांमध्येही हेच निसटत असे. १९७२ मध्ये देशात पोषणाची पाहणी करणारी एक यंत्रणा उभी राहिली. महाराष्ट्रही तिच्यात होता. तिचे कार्यकर्ते तराजू घेऊन घरोघरी जात आणि दिवसभरात शिजायचे असेल ते सगळे कच्चे तोलत. पण तोलले ते अख्ख्या घराचे. मग त्याला घरातल्या माणसांच्या हिशेबाने भागायचे. बैठे काम करणारा पुरुष एक धरला, तर तशीच बाई ०.८. कागदावर वाटणी चोख होते. पातेल्यात पाणी कधी घातले आणि त्यानंतर कोण जेवले, ते भागाकारात दिसत नाही. ते दिसण्यासाठी एकेका माणसाला "काल काय खाल्लं" असे निराळे विचारावे लागते, आणि पुढे तसे विचारलेही गेले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आढळले. सगळ्याच काही गरीब घरच्या नव्हत्या.

मग तिने काय करावे? मी सुचवले ते असे, आणि यात वेगळे शिजवायचे काही नाही.

वरण झाले की पाणी घालण्याआधी चार वाट्या भरून ठेवायच्या. चौथी स्वतःची. रात्रीला कमी पडणार असेल तर डाळ वाढवा, पाणी नको. पाव वाटी डाळ जास्त पडली म्हणून घराचा हिशेब कोलमडत नाही. आठवड्यातून तीन-चारदा मटकीची उसळ. मिसळ म्हटली की नाशिककराला मटकी सांगावी लागत नाही, पण ती रविवारी तर्रीत बुडवूनच खावी असे कुठे आहे? तीस ग्रॅम कोरड्या मटकीत सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. भाकरीबरोबर नुसता ठेचा खाण्याऐवजी वीस ग्रॅम दाण्यांची चटणी घेतली तर आणखी पावणेपाच. एक वाटी दही किंवा दूध, त्यात पाच. एवढ्यात बेरीज अठ्ठेचाळीसला टेकते. बदाम आणायला नकोत, डबे तर नकोतच.

लोहासाठी बाजरी आहेच, ती सोडू नका. पालेभाजी कढईच्या तळाशी उरेल तेवढी नव्हे, तर निवडलेली शंभर ग्रॅम स्वतःच्या वाट्याची आधी काढा. वर लिंबू पिळा, त्याने धान्यातले लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवणावर लगेच चहा नको. चहा लोह अडवतो, तासाभराने घ्या. हे सगळे करूनही ताटातले आकडे एकोणतीसच्या बरेच अलीकडे राहतील, हे मी आधीच सांगते. धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यायला हवे. रक्त खरेच कमी असेल तर गोळ्या लागतात, आणि त्या डॉक्टरांनीच द्यायच्या. वजनकाटा ताटातले सांगतो, अंगातले नाही.

हाडांसाठी नागली. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरी या आपल्याच डोंगरी तालुक्यांत ती पिकते आणि नाशिकच्या बाजारात सहज मिळते. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत दोनशे मिलिग्रॅमच्या वर चुना, म्हणजे कॅल्शियम. दिवसाला हजार लागते. पाचवा हिस्सा एका भाकरीत झाला.

घरच्या सगळ्यांचा अंदाज घ्यायला एक ढोबळ ताट लक्षात ठेवा. पोषण संस्थेने २०२४ मध्ये दोन हजार उष्मांकांच्या दिवसासाठी ते दिले आहे: धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५, भाज्या ४००, फळे १००, दूध ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ वगैरे ३५, तेल-तूप २७. सगळे कच्चे. बैठे काम असलेल्या बाईला दोन हजार उष्मांक लागत नाहीत, १६६० च्या आसपास पुरतात. तेव्हा धान्य आणि तेल त्या मानाने खाली आणा, पण डाळ आणि भाजीवर कात्री चालवू नका. आपल्याकडे नेमके उलट होते.

तेलासाठी रोज तोलत बसू नका. महिन्याच्या एक तारखेला तेलाचा डबा तोला, शेवटी पुन्हा तोला, मध्ये आणलेले मिळवा. चार माणसांच्या घरात दररोज माणशी २७ ग्रॅम धरले तर महिन्याचे सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास, आणि तूप-लोणीही त्यातच. पाच पिशव्या संपत असतील तर जेवायला पाहुणे आले नव्हते ना, एवढे आठवून मग पळी लहान करा.

आणि द्राक्षे. हंगामात घरोघरी पाटीच येते आपल्याकडे, आणि साखर असलेल्यांनी ती मुळीच खाऊ नयेत का, असे दरवर्षी कोणी ना कोणी विचारते. शंभर ग्रॅमला पासष्ट-सत्तर उष्मांक, बहुतेक साखरेचे. खरी गोम अशी की, बोलता बोलता तोंडात टाकलेला घड तीन-चारशे ग्रॅमचा असतो. घड तोलून बघा, मग डॉक्टरांना विचारून ठरवा. बेदाणे तर सुमारे चौपट द्राक्षांचे, मूठभरही जड.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायची आहे. घरात वयात आलेली मुलगी असेल तर काटा तिच्या हाती देऊ नका. माझ्या माहितीतल्या एका घरात आईने कौतुकाने दिला. सहा महिन्यांत ती पोर काकडीच्या चकत्या तोलायला लागली, लग्नाकार्यात जेवेनाशी झाली, पाळी चुकू लागली. तेव्हा कुठे आईला उमगले. असे दिसले तर "नखरे" म्हणून रागावू नका, काटा उचलून ठेवा आणि तिला डॉक्टरांकडे न्या. लहान मुलांचेही तोलू नये. त्यांची उंची-वजन वाढते आहे ना, तेवढे पाहावे. आणि मोठ्या माणसांनीदेखील रोज तोलू नये. तीन दिवस तोला, हात आणि डोळे तयार होतात, मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तीन दिवस.

पंचवटीकडून मागच्या आठवड्यात तिसरे पत्र आले. यजमानांचा तक्ता आता बसला आहे, कुरकुर कमी आहे. तिने रक्त तपासले, हिमोग्लोबिन नऊवर आहे, गोळ्या सुरू झाल्या. आणि सासूबाई? सूनबाई चौथी वाटी स्वतःसाठी बाजूला काढून ठेवते, हे त्या चार दिवस नुसते बघत होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी माळ्यावरून त्यांचे पितळी मापटे काढायला लावले, चिंचेने घासले आणि डाळीच्या डब्यात टाकले. म्हणाल्या, "रोज भरून घे. त्याच्या खाली जाऊ नको." त्या मापट्यात डाळ किती बसते ते सूनबाईंनी अर्थातच तोलून ठेवले. मग दुपारी स्वतःचे ताट उचलून ओट्याशी आल्या आणि म्हणाल्या, "माझंही तोल गं. मी टाकते किती, ते बघ."

तोलले. १८० ग्रॅमच्या वाटीतले शंभर ग्रॅम वरण तसेच होते. दातांनी भाकरी चावत नाही, म्हणून भाकरीचा तुकडाही. वय चौऱ्याहत्तर, वजन ४४ किलो. आजवर "म्हातारपणी भूक मंदावते" म्हणून कोणी लक्ष दिले नव्हते. आता त्यांना दोनदा मोठ्या वाटीने वाढण्याऐवजी चारदा लहान वाटीने देतात. भाकरी वरणात कुस्करून, मधल्या वेळी नागलीची आंबील ताक घालून, आणि दाण्याचे कूट बारीक करून भाजीत. कवळीचे बघायला दातांच्या डॉक्टरांकडेही जाणार आहेत. तुमच्या घरी वृद्ध माणसे असतील तर वाढलेले तोलण्यापेक्षा उरलेले तोला.

याच पत्रात तिने एक नवा प्रश्न टाकला आहे, आणि तो आणखीही काही जणींनी विचारला आहे. सासूबाईंचे महिन्याला चार उपास, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, राजगिऱ्याचे लाडू. त्याचा हिशेब कसा मांडायचा? त्याला एक अख्खे पान लागेल, तेव्हा ते पुढच्या आठवड्यात. तोवर एवढे करा: येत्या एकादशीला साबुदाणा भिजवण्याआधी तोला, कूट वेगळे तोला, आणि दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा.